डोळ्याच्या पडद्यावरच्या गाठींसाठी डाय टेस्ट: सगळा खेळ वेळेचा

पडद्यावर किंवा त्यामागच्या कोरॉइडमध्ये (रक्तवाहिन्यांच्या थरात) लालसर-केशरी गाठ दिसली की बहुतेक वेळा डाय अँजिओग्राफी, म्हणजे शिरेतून चमकणारा डाय देऊन डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढणं, सांगतात. रक्तवाहिन्यांच्या साध्या, म्हणजे कॅन्सर नसलेल्या गाठींसाठी ही तपासणी खरोखर उपयोगाची आहे. पण एखादाच छान फोटो हाती येऊन भागत नाही. डाय गाठीत कधी शिरला, किती टिकला आणि कधी निघून गेला, यावर निदान ठरतं.

फ्लुओरेसिन हा नेहमीचा डाय साधारण १० टक्क्यांचा ५ मिली, हाताच्या शिरेतून ५ ते १० सेकंदांत द्यायचा. हळू दिला तर डाय रक्तात पसरून सुरुवातीची फेज पुसट होते. १० ते १५ सेकंदांत तो पडद्यात पोचतो, म्हणून कॅमेरा इंजेक्शनबरोबरच सुरू हवा. हे पहिले क्षण एकाच डोळ्याचे नीट टिपता येतात. गाठ कोणत्या डोळ्यात आहे हे टेक्निशियनला आधीच सांगितलेलं असावं.

हेमॅन्जिओब्लास्टोमा या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांच्या गाठीत डाय झपाट्याने भरतो, फुगलेली धमनी आणि शीर उठून दिसतात आणि पुढे गळती होते. या गाठी व्हॉन हिपेल-लिंडाऊ या आनुवंशिक आजारात एकाहून जास्त असू शकतात, त्यामुळे वाइडफील्ड (कडांपर्यंतचा पडदा टिपणारा) कॅमेरा असलेलं सेंटर निवडावं आणि दुसऱ्या डोळ्याच्या कडाही तपासून घ्याव्यात. तपासताना न दिसलेली बारीक गाठ इथे चमकून सापडते. पडद्यावरच्याच दुसऱ्या गाठीचं, कॅव्हर्नस हेमॅन्जिओमाचं, वागणं अगदी उलट: डाय रेंगाळत भरतो, रक्तपेशी खाली बसतात, वरच्या प्लाझ्मात डाय चमकतो आणि गळती सहसा होतच नाही. हे चित्र इतकं बोलकं असतं की शंकेला फारशी जागा उरत नाही.

कोरॉइडच्या हेमॅन्जिओमात मात्र फ्लुओरेसिन अपुरं पडतं. लवकर चमक आणि उशिरा गळती मेलानोमा या कॅन्सरच्या गाठीतही दिसू शकते. इथे इंडोसायनिन ग्रीन हे दुसरं डायच हवं, साधारण २५ मिलिग्रॅम. ते प्रथिनांना चिकटून राहतं आणि इन्फ्रारेड प्रकाशात रंगद्रव्याच्या थराआडचंही दाखवतं. गाठ साधारण मिनिटभरात भरपूर चमकते आणि २० ते ३० मिनिटांनी आजूबाजूच्या कोरॉइडपेक्षा काळी पडते. हा वॉशआउट (डाय निघून जाणं) म्हणजे सर्वात मोलाचा पुरावा, आणि नेमका तोच घाईत हुकतो. दहा मिनिटांत पेशंटला मोकळं करणारं सेंटर या गाठीसाठी नकोच. ज्या फोटोत गाठ, त्याच फोटोतल्या कोरॉइडशी तुलना करावी. गेन (कॅमेऱ्याची उजळपणाची सेटिंग) बदललेले दोन फोटो शेजारी ठेवले तर फसगत होते. सोबत सोनोग्राफी हवीच: हेमॅन्जिओमात आतून ध्वनिलहरींचं परावर्तन जास्त, मेलानोमात बहुधा कमी.

फ्लुओरेसिननंतर मिनिटभरात मळमळू शकतं, ते लवकर ओसरतं. त्वचा काही तास पिवळट आणि लघवी दिवसभर गडद पिवळी-केशरी राहते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. डाय शिरेबाहेर गेला तर चांगलंच झोंबतं, म्हणून आधी सलाईन सोडून सुई तपासणारा हात हवा. अंगावर गांधी उठणं किंवा क्वचित तीव्र रिअॅक्शन येऊ शकते. आपत्कालीन औषधांचा ट्रे खोलीतच असावा. आयोडीनची अॅलर्जी किंवा यकृताचा त्रास असेल तर ग्रीन डायआधी डॉक्टरांना जरूर सांगा. रिपोर्टसोबत सेकंदांचे आकडे छापलेले सगळे फोटो मागून घ्या.