घरी नर्स ठेवताना महिन्याचे पैसे आधी देऊ नका

बाबांचा कॅन्सर यकृतात पसरला होता. डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या, त्रास कमी राहील एवढं बघू. हॉस्पिटलच्या गेटबाहेरच एका नर्सिंग ब्युरोचं कार्ड हातात पडलं. फोनवरचा माणूस साखर पेरल्यासारखा बोलायचा. 'दादा, तुम्ही फक्त बाबांजवळ बसा, बाकी आमच्यावर सोडा.' जीएनएम नर्स, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली, चोवीस तास, महिन्याचे ५५ हजार. सगळे आगाऊ.

आलेली मुलगी स्वभावाने गरीब, तिच्याबद्दल राग नाही. पण इंजेक्शनची काचेची कुपी तिला फोडता येईना. मोबाइलच्या उजेडात ती उलटसुलट करत राहिली, मग बायकोला हळूच म्हणाली, 'वहिनी, मी आयाचं काम करते. नर्स सांग म्हणून सांगितलंय.' ब्युरोकडे तिचा महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागितला. 'पाठवतो' म्हणाले. अजून पाठवतायत.

अशक्तपणाच्या नावाखाली ब्युरोचा माणूस रोज सलाईन लावून जायचा, त्याचे पैसे वेगळे. बाबांचे पाय सुजले, छातीतली घरघर वाढली. पॅलिएटिव्हच्या, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या, डॉक्टरबाई आल्या आणि त्यांनी आधी ती बाटली काढायला लावली. शेवटच्या दिवसांत शरीराला एवढं पाणी पेलत नाही, म्हणाल्या.

मॉर्फिन या तीव्र वेदनांवरच्या औषधाच्या एका पट्टीचे ब्युरोच्या माणसाने तीन हजार मागितले होते, 'ब्लॅकमध्येच मिळतं' म्हणून. साफ खोटं! अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली. मान्यताप्राप्त संस्थेत डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ते रीतसर मिळतं, आणि गोळ्या महागही नसतात.

बाबा पहिल्या आठवड्यातच गेले. उरलेले पैसे मागितले तर उत्तर आलं, 'पॅकेज नॉन-रिफंडेबल आहे, पावतीच्या मागे लिहिलंय.' खरी मेख इथेच आहे. असा पेशंट महिना काढेलच असं नाही, हे त्यांना आपल्याआधी कळलेलं असतं.

म्हणून दिवसाच्या किंवा फार तर आठवड्याच्या हिशोबाने द्या, आणि पेशंट गेल्यास पैसे परत कसे मिळणार ते लिहून घ्या. त्याआधी हॉस्पिटलच्या पॅलिएटिव्ह विभागात विचारा. परळच्या टाटा हॉस्पिटलची घरी येणारी टीम आहे. पुण्यात वारज्याच्या सिप्ला सेंटरमध्ये १९९७ पासून कॅन्सरच्या पेशंटची ही सेवा मोफत मिळते.

आम्ही १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही. कार्ड, पावती आणि व्हॉट्सअॅपवरचं बोलणं तेवढं जपून ठेवा.