गावातलं चर्च: बाकं ठेवावीत की खुर्च्या आणाव्यात?

इंग्लंडच्या खेड्यातल्या अँग्लिकन चर्चमधली बाकं गावकरी फार जुनी समजतात. बहुतेक वेळा ती १९व्या शतकातली, पाइनची असतात. १८३९मध्ये स्थापन झालेल्या केंब्रिज कॅम्डेन सोसायटी या चर्चच्या वास्तुकलेचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने दारं असलेल्या खोकेवजा बाकांविरुद्ध मोहीम उघडली आणि उघडी बाकं सर्वत्र आली. (जुनी खोकी पाहायची तर यॉर्कशरमधल्या व्हिटबी गावच्या सेंट मेरी चर्चमध्ये.)

खुर्च्यांची किंमत कागदावर दिसते, खालच्या जमिनीच्या कामाची दिसत नाही. बाकं सहसा लाकडी चौथऱ्यावर असतात. ती काढली की चौथराही काढून फरशी समपातळीत आणावी लागते. खाली कबरींचे दगड निघू शकतात. आधी ‘फॅकल्टी’ ही बिशपक्षेत्राची कायदेशीर परवानगी हवीच.

बाक टिकतं, चौथरा दगा देतो: खाली हवा खेळली नाही की ओल धरून कुजतो. खुर्च्या घ्यायच्याच तर निव्वळ लाकडी, एकावर एक रचता येणाऱ्या. गादीवर ओल आणि वटवाघळांचे डाग बसतात. चर्च ऑफ इंग्लंडला इमारतींबाबत सल्ला देणारी चर्च बिल्डिंग्ज कौन्सिलही गादी टाळायलाच सांगते. मात्र रचायला दर वेळी माणसं लागतात.

फक्त रविवारची प्रार्थना असेल, तर बाकं दुरुस्त करा. मैफली, शाळा, व्हीलचेअर असं सगळं सामावायचं असेल, तर खुर्च्या. कोरीव बाकांची एखादी रांग तरी राखून.