माझाच जुना कार्बोरेटर मला ‘नवा’ म्हणून विकला

कार्बोरेटरवाली, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा तो जुना भाग असलेली, मारुती ८०० अजून चालवत असाल, तर गॅरेजवाला "कार्ब गेला, बदलावा लागेल" म्हणाला की लगेच पाकीट काढू नका. आधी बॉनेटखालचे रबरी पाइप बघा. मला याच वाक्यावर साडेनऊ हजारांना गंडवलं, आणि दुखणं होतं बोटभर चिरलेल्या व्हॅक्यूम पाइपचं, म्हणजे इंजिनची हवेची ओढ इकडून तिकडे पोचवणाऱ्या रबरी पाइपचं.

माझी गाडी १९९७ची. सिग्नलला थरथरायची, एसी लावला की बंदच पडायची. पीयूसीला नापास झाली. पासिंगची तारीख तोंडावर आलेली, नेहमीचे मिस्त्री गावाला गेलेले, म्हणून ओळखीतल्या एकाने सुचवलेल्या पुण्यातल्या गॅरेजात नेली.

त्याने एअर फिल्टर बाजूला केला, कार्बवरचे दोन बारीक पाइप उपसले, पुन्हा बसवले आणि मला म्हणाला, "आता एसी लावा साहेब." गाडी एक हिसका देऊन गप्प. "बघितलंत? बॉडी झिजलीय. पेट्रोल नुसतं ओततोय. नवीन आता कुठे मिळत नाही, पण माझ्याकडे एक पीस जपून ठेवलाय." हा जपून ठेवलेला पीस फार जुना खेळ आहे. मिळतच नाही म्हटलं की माणूस भाव करत नाही.

संध्याकाळी गाडी सुतासारखी सरळ. कार्ब चंदेरी, चकचकीत. जुना मागितला तर "भंगारवाला आत्ताच घेऊन गेला." पीयूसीही पास झाली.

पुढे फिल्टर साफ करताना कार्बच्या एका नळीच्या (जिच्यावर रबरी पाइप बसतो तिच्या) बुडाशी, चंदेरी रंगाखालून, लाल ठिपका डोकावताना दिसला. नखाने खरवडलं. नेलपॉलिश! पूर्वी हेडचं काम निघालं होतं तेव्हा कुठला पाइप कुठे जातो हे विसरायला नको म्हणून बायकोच्या बाटलीतून मीच प्रत्येक नळीवर आणि तिच्या पाइपच्या टोकावर एकेक ठिपका दिला होता. आता नळीवर ठिपका होता आणि पाइपच्या टोकावरचा गायब. कार्ब खरंच नवा असता तर नेमकं उलट दिसलं असतं. म्हणजे पठ्ठ्याने माझाच कार्ब पेट्रोलने धुऊन त्यावर स्प्रे मारला, आणि पाइपचं चिरलेलं टोक कापून तोच पाइप पुन्हा दाबून बसवला.

एसीचा तमाशा कसा केला ते नेहमीचे मिस्त्री परतल्यावर त्यांनी करून दाखवलं. कार्बवरच्या सगळ्या नळ्या सारख्या नसतात. काहींचं भोक थ्रॉटलच्या, म्हणजे रेस दिली की उघडणाऱ्या, झडपेच्या वर असतं. तिथे आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, ओढ जवळजवळ नसते, रेस दिली की येते. डिस्ट्रिब्युटरच्या अ‍ॅडव्हान्सचा (ठिणगी थोडी आधी पाडणाऱ्या यंत्रणेचा) पाइप माझ्या गाडीत अशा नळीवर आहे. झडपेच्या खाली, मिश्रण इंजिनात नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या बाजूला, आयडललाच जबर ओढ असते, आणि एसीचा भार आल्यावर रेस उचलणाऱ्या आयडल-अपला तीच लागते. या दोघांची अदलाबदल केली की आयडल-अपला ओढच मिळत नाही आणि एसी लावताच इंजिन बसतं. कार्ब ठणठणीत असला तरी. आयडलला पाइप काढून नळीवर बोट ठेवलं की कुठली नळी कोणती ते लगेच कळतं. अमेरिकेच्या त्या काळच्या गाड्यांना बॉनेटखाली पाइपांच्या नकाशाचं स्टिकर असायचं. माझ्या गाडीला नाही, म्हणून कुणीही यावं आणि काहीही सांगावं.

आणखी एक पुरावा पहिल्यापासून माझ्या खिशात होता, नापास झालेली पीयूसीची चिठ्ठी. २०००च्या आधीच्या पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएमपर्यंत चालतं. माझ्या चिठ्ठीवर मोनॉक्साइड ०.४, हायड्रोकार्बन मात्र १९००च्या वर. कार्ब पेट्रोल ओतत असता तर मोनॉक्साइड चढलं असतं. ते इतकं कमी आणि हायड्रोकार्बन जास्त, म्हणजे कुठून तरी फुकटची हवा आत शिरतेय, मिश्रण पातळ पडतंय, इंजिन मिसिंग करतंय आणि न जळलेलं पेट्रोल धुराड्यातून बाहेर जातंय. ही चिठ्ठी त्या गॅरेजवाल्यानेही वाचली होती. वाचून बाजूला ठेवली.

त्यामुळे गाडी गॅरेजला देण्याआधी बॉनेट उघडून चारी बाजूंनी मोबाइलवर फोटो काढा. कार्बच्या बॉडीवर, सहज दिसणार नाही अशा जागी, खूण करा. प्रत्येक पाइप टोकाशी वाकवून बघा, चीर तिथेच पडते आणि सरळ असताना दिसत नाही. अ‍ॅडव्हान्सचा पाइप डिस्ट्रिब्युटरकडे जोडलेला ठेवून त्याचं दुसरं टोक तोंडाने ओढा आणि जिभेने बंद करा. ओढ टिकली तर आतला पडदा, म्हणजे डायफ्रॅम, शाबूत. पाइपात स्क्रू किंवा छर्रा कोंबलेला आढळला तर आधीच्या कुणीतरी दुखणं झाकून ठेवलंय असं समजा. नवीन पाइप नाना पेठेत मीटरवर किरकोळ पैशांत मिळतो. फक्त व्हॅक्यूमचाच मागा, पातळ भिंतीचा कुठलाही पाइप ओढीने आत चेपतो. आणि गळती शोधायला तापलेल्या इंजिनवर कार्ब क्लीनर फवारायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, सायलेन्सरचा पाइप जवळच असतो, भडका उडेल.

चिठ्ठी, फोटो आणि खरवडलेला ठिपका घेऊन मी गॅरेजात गेलो. आधी आवाज चढला, मग "पोराने चुकून जुनाच बसवला असेल" झालं, शेवटी चार हजार हातावर टेकवले, बाकीची म्हणे मजुरी. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५वर, फोन केला. त्यांनी पहिल्यांदा बिल मागितलं. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, हे सगळं खरं. पण माझ्या कागदावर ना गॅरेजचं नाव, ना पार्टचा नंबर, ना ‘नवीन’ हा शब्द. वहीचं फाडलेलं पान, त्यावर ‘कार्ब काम ९५००’ आणि खाली एक गिचमिड सही.