ओल शोधायला आलेल्या माणसाला फिश टँक दिसली नाही

घरात मोठी फिश टँक आहे, भिंतीच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरलीये आणि कुणीतरी 'ओल तपासून देतो, तपासणी मोफत' म्हणतंय, अशांनी पैसे देण्याआधी हे वाचावं. आमच्याकडून एकाच माणसाने दोनदा पैसे उकळले. दुसऱ्यांदा तर पहिल्या वेळी जे सांगितलं होतं त्याच्या बरोब्बर उलट सांगून.

आमची टाकी मीटरभर लांब, चाळीस सेंटीमीटर रुंद, वरून पूर्ण उघडी. हीटर 26 अंशांवर, फिल्टरचं पाणी वरून धबधब्यासारखं पडतं आणि एका कोपऱ्यात एअर स्टोनचे बुडबुडे. घर तळमजल्यावर. बुरशी धरली ती बाहेरच्या बाजूच्या भिंतीला, कपाटामागे आणि वर छताला लागून असलेल्या कोपऱ्यात. भिंतीचा खालचा हातभर भाग मात्र कोरडा ठणठणीत होता. पुढचं सगळं या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

तपासणीला आलेल्या माणसाकडे दोन सुयांचं एक मीटर होतं. बुरशीच्या डागावर सुया टोचल्या, मीटर किंचाळलं, लाल दिवा लागला. मग दोन-तीन ठिकाणी तसंच. निदान तयारच होतं: जमिनीतली ओल भिंतीतून वर चढतेय, भिंतीच्या पायथ्याशी ओळीने भोकं पाडून रसायनाची इंजेक्शनं द्यावी लागतील. खालचा भाग कोरडा कसा, असं विचारल्यावर उत्तर मिळालं, "मॅडम, ओल वर चढते आणि वर जाऊन साठते." माझ्या नवऱ्याने टाकीबद्दलही विचारलं. त्यावर तो म्हणाला की टाकीचा काही संबंध नाही, मासे मात्र सुंदर आहेत.

आता त्या मीटरबद्दल. असं मीटर दोन सुयांमधला विजेचा रोध मोजतं. त्यावरचे टक्के साधारणपणे लाकडासाठी बसवलेले असतात, प्लास्टरवर ते टक्के म्हणून वाचताच येत नाहीत. भिंतीत क्षार असले तर आकडा चढतो. पृष्ठभागावर नुसतं हवेतलं बाष्प थिजून ओलावा बसला असला तरी चढतो. म्हणजे 'इथे काहीतरी ओलं आहे' एवढं ते सांगेल, पाणी कुठून आलं हे सांगणार नाही. बुरशी दिसतेय तिथे काहीतरी ओलं आहे हे सांगायला मीटर कशाला हवं? ते बाहेर काढलं ते लाल दिव्यासाठी.

इंजेक्शनची पद्धत मुळात खोटी नाही, हेही सांगायला हवं. जमिनीतून खरंच ओल चढत असेल तर ती वापरतात. पण ती ओल खाली सर्वात जास्त असते, सहसा फार तर मीटर-दीड मीटर चढते, आणि जिथे थांबते तिथे पांढरट क्षारांची आडवी रेघ सोडते. छताच्या कोपऱ्यात, कपाटामागे, खिडकीच्या कडेला काळे ठिपके येतात ते बहुतेक वेळा घरातल्याच बाष्पाचे. त्या जागा खोलीतल्या हवेपेक्षा थंड असतात, तिथे हवा खेळत नाही, आणि बाष्प तिथे ओलावा होऊन बसतं.

हे वेगळं ओळखायला पैसे लागत नाहीत. भिंतीचा एक तुकडा आधी पुसून कोरडा करायचा, त्यावर ॲल्युमिनियम फॉइल किंवा जाड प्लास्टिक लावायचं आणि चारही कडा टेपने घट्ट बंद करून एक-दोन दिवस ठेवायचं. खोलीकडच्या बाजूवर दव आलं तर ते घरातल्या हवेतलं, भिंतीकडच्या बाजूला आलं तर भिंतीतलं. आम्ही हे नंतर केलं तेव्हा दव खोलीकडच्या बाजूला होतं. भिंतीकडची बाजू कोरडी.

तर भोकं पाडली गेली, रसायन भरलं, बुरशी खरवडून वर 'बुरशीरोधक' रंग दिला. बुरशीनाशक फवारायलाही तो टाकी उघडी आणि एअर पंप चालू असतानाच निघाला होता. एअर पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो, म्हणजे खोलीत जे फवाराल ते माशांच्या पाण्यात. नवऱ्याने पंप बंद करून टाकी झाकली म्हणून मासे वाचले. ओलीचा तज्ज्ञ म्हणवणाऱ्याला हे ठाऊक नसावं, किंवा ठाऊक असून फिकीर नसावी.

भिंत काही काळ नव्यासारखी दिसली. मधे विचारलं की "भिंत वाळायला वेळ लागतो" हे उत्तर. ते अर्धं खरं आहे, भिंत हळूहळूच वाळते, आणि म्हणूनच ते इतकं सोयीचं आहे. बाहेर गारठा वाढला तशी त्याच कोपऱ्यात, नव्या रंगावर, बुरशी परत उगवली. रंग बुरशीरोधक असला तरी त्यावर रोज पाणी बसत असेल तर किती दिवस टिकणार?

आम्ही गॅरंटीचा कागद काढला. भरपूर वर्षांची गॅरंटी होती. ती होती भिंतीत भरलेल्या रसायनाची. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, 'घरातील बाष्पामुळे निर्माण होणारी ओल व बुरशी यातून वगळण्यात आली आहे.' तो माणूस आला, कोपरा पाहिला, आणि या खेपेला मीटर पिशवीतून बाहेरच काढलं नाही. टाकीकडे बोट करून म्हणाला, "एवढं पाणी घरात उघडं ठेवल्यावर बुरशी येणारच की, मॅडम. आमच्या कामात दोष नाही."

पहिल्या दिवशी टाकी दोषी ठरली असती तर उपाय होता काचेचं एक झाकण. ते तो विकत नव्हता. आता टाकीला दोषी ठरवणं सोयीचं होतं, कारण त्यामुळे गॅरंटी टळत होती आणि शिवाय त्याच्या गाडीत एक यंत्र होतं.

यंत्र म्हणजे छोटा डिह्युमिडिफायर, हवेतलं बाष्प काढून घेणारा. शोभेच्या वस्तूसारखा, हलका, लॅपटॉपला असतो तसा अडॅप्टर, मंद निळा दिवा. कॉम्प्रेसर नसतो त्यात, पेल्टिए नावाची एक चकती असते. तिच्यातून वीज वाहू लागली की तिची एक बाजू गार होते आणि त्या बाजूवर बाष्प थिजून खाली डब्यात पडतं. यंत्र खरं आहे, कपड्यांच्या बंद कपाटात उपयोगीही पडतं. फसवणूक आकड्यात आहे. खोक्यावर ठळक अक्षरात 'दिवसाला 500 मिलिलिटरपर्यंत'. मागच्या बाजूला बारीक अक्षरात तपासणीची परिस्थिती: 30 अंश तापमान, 80 टक्के आर्द्रता. तुमची खोली 22 अंशांवर आणि 65 टक्क्यांवर असेल तर तेच यंत्र यापेक्षा कितीतरी कमी पाणी काढतं. कॉम्प्रेसरच्या मोठ्या यंत्रांचेही आकडे बहुधा याच परिस्थितीतले असतात, पण तिथे क्षमता लिटरांत असल्यामुळे घट होऊनही हाती काही उरतं.

आणि टाकी किती पाणी सोडते? हा प्रश्न त्याने विचारला नाही, कुणीच विक्रेता विचारत नाही. मोजणं अगदी सोपं आहे. काचेला पाण्याच्या पातळीवर चिकटपट्टी लावा आणि पाणी न भरता दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बघा. आमच्या टाकीचा पृष्ठभाग 100 गुणिले 40, म्हणजे 4,000 चौरस सेंटीमीटर. पातळी एक मिलिमीटर उतरली की 400 मिलिलिटर पाणी हवेत गेलं. आमच्याकडे थंडीत, हीटर चालू असताना, दिवसाला तीन मिलिमीटरच्या आसपास उतरत होती. सव्वा लिटरच्या घरात. म्हणजे खोक्यावरचा आकडा शब्दशः खरा धरला तरी यंत्र टाकीच्या निम्म्यालाही पुरत नव्हतं. एवढा हिशोब खोक्याच्या पाठीवरच करता आला असता, आणि तो होऊ नये म्हणूनच पुढचं प्रात्यक्षिक होतं.

त्याने यंत्र लावलं. यंत्राच्या अंगावरच आर्द्रतेचा आकडा दाखवणारा पडदा होता. 74 वरून आकडा उतरत उतरत आमच्या डोळ्यांदेखत पन्नाशीत आला. खोलीतली आर्द्रता इतक्या झटपट उतरत नाही. यंत्राचा सेन्सर बसवलेला होता यंत्रातून बाहेर पडणाऱ्या हवेजवळ. ती हवा वाळलेली असते आणि गरमही असते, आणि हवा नुसती गरम झाली तरी सापेक्ष आर्द्रता (हवेत मावू शकेल त्यातलं किती टक्के बाष्प आहे तो आकडा) उतरते, पाण्याचा एक थेंबही न काढता. आम्ही नंतर वेगळा हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजणारं मीटर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवला, तर तिथे सत्तरी ढळली नव्हती.

स्वस्त हायग्रोमीटरवरही डोळे झाकून विश्वास टाकू नका. साधं मीठ पाण्याने ओलसर करायचं, विरघळू द्यायचं नाही, लापशीसारखं झालं पाहिजे. ते एका झाकणात घेऊन हायग्रोमीटरसोबत हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. डब्यातली आर्द्रता 75 टक्क्यांवर स्थिरावते. मीटर 70 दाखवत असेल तर तो पाच कमी सांगतोय, एवढं ध्यानात ठेवून वापरा. घरातली आर्द्रता 60 च्या खाली राहिली तर बुरशीला फारसं जमत नाही. फक्त थंड भिंतीला चिकटून असलेल्या हवेत ती खोलीपेक्षा जास्त असते, म्हणून मीटर एकदा कपाटामागेही ठेवून बघा.

शेवटी उपयोगी पडलं ते काचेचं झाकण. मासे गुदमरतील ही भीती दुकानांतही घातली जाते, पण झाकण हवाबंद नसतं. खाणं घालायला फट, नळ्यांसाठी जागा आणि फिल्टरने हलता राहणारा पृष्ठभाग एवढं प्राणवायूला पुरतं. फायटर किंवा गुरामीसारख्या वर येऊन हवा घेणाऱ्या माशांना तर झाकणाखालची उबदार हवा मानवते. बाष्पीभवन इतकं घटलं की चिकटपट्टीवर एक मिलिमीटरचा फरक दिसायलाही वाट बघावी लागते. आणखी एक फायदा अनपेक्षित होता: बाष्प होऊन जातं ते नुसतं पाणी, क्षार मागे टाकीतच राहतात. त्यामुळे सतत नळाच्या पाण्याची भर घालताना पाणी जड होत जायचं, ते थांबलं.

कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढलं. जुनी बुरशी साबणाच्या पाण्याने पुसून, भिंत पूर्ण वाळवून मगच रंग दिला, नाका-तोंडावर मास्क लावून.

खिडकी उघडण्याबद्दल मात्र थोडं डोकं वापरावं लागतं. 10 अंशांच्या हवेत कमाल नऊ-साडेनऊ ग्रॅम बाष्प प्रति घनमीटर मावतं, 25 अंशांच्या हवेत 23 ग्रॅम. बाहेर थंडी आणि धुकं असलं तरी बाहेरची हवा घरात येऊन तापली की कोरडीच ठरते, तेव्हा खिडकी उघडा. याउलट बाहेर 28 अंश आणि 90 टक्के असेल तर प्रत्येक घनमीटर हवेसोबत चोवीस-पंचवीस ग्रॅम पाणी तुम्ही आत घेताय. अशा दिवसांत खिडकी बंद आणि गरजच असेल तर कॉम्प्रेसरचं यंत्र चालू, तेही टाकी झाकून. उघड्या टाकीशेजारी ते चालवलं तर हवा कोरडी होते, टाकी आणखी वेगाने बाष्प सोडते आणि विजेचं बिल तुम्ही भरता.

यंत्राचे पैसे निम्मे परत मिळाले, कारण जाहिरातीच्या पानाचा स्क्रीनशॉट आमच्याकडे होता. तक्रार गेल्यावर त्या पानावरचा आकडा बदलला. भिंतीच्या कामाची लेखी तक्रार दिली आहे. त्यात मुख्य आधार पहिल्या तपासणीच्या अहवालाचा: 'घरात बाष्पाचा कोणताही स्रोत आढळला नाही' असं त्याच्या सहीने लिहिलंय, आणि अहवालासोबत त्यानेच जोडलेल्या फोटोत भिंतीच्या कडेला आमची टाकी दिवा लावलेली स्पष्ट दिसते. निकाल अजून लागायचाय.