आयडेक्स, टीडीएफ की मेक-२? संरक्षण संशोधनाच्या कामासाठी लहान उद्योगाने कोणते दार ठोठावावे

भोसरी, चाकण किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्याचा मालक संरक्षण क्षेत्रात उतरायचे ठरवतो, तेव्हा तो बहुधा पहिल्यांदा अनुदान किती मिळते हे विचारतो. हा प्रश्न स्वाभाविक आहे, पण त्याच्या उत्तरावर निर्णय घेणारे पुढे अडचणीत येतात, असा माझा अनुभव आहे. नमुना (प्रोटोटाइप) यशस्वी झाला तर तो विकत कोण घेणार, आणि ती खरेदी होईपर्यंत कामगारांचे पगार कोठून द्यायचे, हे आधी पाहावे. आयडेक्स, टीडीएफ आणि मेक-२ या तिन्ही मार्गांची पुढील तुलना याच अंगाने केली आहे.

संरक्षण खरेदीची २०२० ची कार्यपद्धती १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झाली आणि तिच्यात तिन्ही मार्गांना स्थान मिळाले. ते एकाच मंत्रालयाच्या छपराखाली येत असले, तरी प्रत्येकाची चूल वेगळी आहे. आयडेक्स (इनोव्हेशन्स फॉर डिफेन्स एक्सलन्स) ही एप्रिल २०१८ मध्ये सुरू झालेली योजना संरक्षण उत्पादन विभागाची आहे आणि ती एचएएल व बीईएल या सरकारी संरक्षण कंपन्यांनी उभारलेल्या डिफेन्स इनोव्हेशन ऑर्गनायझेशनमार्फत चालते. टीडीएफ, म्हणजे तंत्रज्ञान विकास निधी, डीआरडीओ ही सरकारची संरक्षण संशोधन संस्था चालवते. मेक-२ मध्ये लष्कर, नौदल किंवा हवाई दल यांचे मुख्यालय स्वतः आपली गरज मांडते आणि उद्योग स्वखर्चाने नमुना बनवतो. अर्ज तपासताना आयडेक्समध्ये नवउद्योग घडवण्याचा विचार असतो, डीआरडीओत तंत्रज्ञान देशात यावे हा हेतू असतो, आणि सेनादलाच्या मुख्यालयाला वेळेवर हातात पडणारी वस्तू हवी असते. अर्जाची भाषा त्याप्रमाणे बदलावी लागते. एकच प्रस्ताव तिन्हीकडे पाठवणाऱ्यांची निराशा होते, ती बरेचदा यामुळेच.

पैशांचा हिशेब एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, नमुना तयार करायला ३ कोटी रुपये लागणार आहेत. आयडेक्सच्या मूळ योजनेत कमाल दीड कोटी मिळतात आणि तेवढीच रक्कम उद्योगाने स्वतः घालायची असते, म्हणजे आपल्या खिशातून दीड कोटी. टीडीएफमध्ये प्रकल्प खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते, म्हणजे आपला वाटा ३० लाखांवर येऊ शकतो. मेक-२ मध्ये सरकार नमुन्यासाठी काहीच देत नाही, त्यामुळे पूर्ण ३ कोटी आपले. मोठ्या प्रकल्पांसाठी आयडेक्स प्राइममध्ये १० कोटींपर्यंत आणि मार्च २०२४ मध्ये जाहीर झालेल्या अदिती योजनेत २५ कोटींपर्यंत मदतीची तरतूद करण्यात आली, तर टीडीएफची प्रति प्रकल्प मर्यादा २०२२ मध्ये १० कोटींवरून ५० कोटींवर नेण्यात आली. एवढेच पाहिले तर टीडीएफ सर्वांत उदार ठरते. परंतु ही सर्व मदत टप्प्याटप्प्याने, ठरलेले काम पूर्ण झाल्याचे दाखवल्यावर मिळते. टप्पा लांबला की हप्ता लांबतो आणि बँकेचे व्याज मात्र चालूच राहते. म्हणून कागदावरचा वाटा ३० लाखांचा असला, तरी प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट-तिप्पट खेळते भांडवल हाताशी नसेल, तर टीडीएफच्याही वाटेला जाऊ नये, असे माझे मत आहे.

आयडेक्सची जमेची बाजू म्हणजे तेथे नवख्याला खरोखर प्रवेश मिळतो. मान्यताप्राप्त स्टार्टअप, सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग, इतकेच काय, एकटा संशोधकही अर्ज करू शकतो. पूर्वीची उलाढाल किंवा संरक्षण पुरवठ्याचा अनुभव आडवा येत नाही. सेनादले आपल्या अडचणी आव्हानांच्या स्वरूपात प्रसिद्ध करतात आणि निवड झालेल्या उद्योगाला त्या दलाचा संपर्क अधिकारी मिळतो. या अधिकाऱ्याचे मोल अनुदानापेक्षाही जास्त आहे, कारण वस्तू वाळवंटात वापरायची आहे की जहाजावर, हातमोजे घालून तिची बटणे दाबता येतात की नाही, या गोष्टी त्याच्याशी बोलल्याशिवाय कळत नाहीत. नौदलासाठी मानवरहित नौका आणि माणसाला वाहून नेणारे ‘वरुण’ ड्रोन यांवर काम करणारी सागर डिफेन्स इंजिनिअरिंग ही महाराष्ट्रातील कंपनी याच वाटेने पुढे आली.

तरीही येथे एका आकड्यावर थांबून विचार करावा. फेब्रुवारी २०२५ पर्यंत आयडेक्सचे सुमारे ४३० करार झाले होते. त्याच सुमारास प्रत्यक्ष खरेदीच्या पायरीपर्यंत आलेल्या वस्तू ४३ होत्या आणि त्यांचे मूल्य २,४०० कोटींहून अधिक होते. बरेच करार अलीकडचे असल्याने या प्रमाणाला अपयशाचा दर म्हणता येणार नाही, पण करार झाला म्हणजे गिऱ्हाईक मिळाले, हा समज त्यातून दूर व्हावा. खरेदीची कार्यपद्धती २०२२ मध्ये सोपी करण्यात आली हे खरे आहे, मात्र ती सुरू होते नमुना चाचण्यांतून पार पडल्यानंतर. आव्हानाच्या कागदात अपेक्षित खरेदीची संख्या दिलेली आहे का, हे अर्जाआधी पाहावे. ती नसेल, तर संबंधित दलाच्या अधिकाऱ्याला स्पष्ट विचारण्यात संकोच बाळगू नये.

टीडीएफचा पिंड वेगळा आहे. तेथे कल्पना किमान प्रयोगशाळेत सिद्ध झालेली असावी लागते. आयात होणारा भाग देशात बनवणे, असलेल्या उपकरणात सुधारणा करणे किंवा नवे तंत्रज्ञान वस्तूच्या रूपात आणणे, अशी कामे दिली जातात आणि त्यांना चार वर्षांपर्यंत मुदत मिळू शकते. मार्गदर्शनाला डीआरडीओचे शास्त्रज्ञ असतात, त्यामुळे तांत्रिक आढावा कसून होतो. ज्याला याआधी कधी रचनेची कारणमीमांसा लिहून द्यावी लागलेली नाही, त्याला पहिली बैठक जड जाते. या योजनेत निर्माण होणाऱ्या बौद्धिक संपदेवर डीआरडीओ आणि उद्योग यांची संयुक्त मालकी असते. मेक-२ मध्ये ती उद्योगाकडे राहते, सरकार काही परिस्थितीत हस्तक्षेपाचा हक्क राखते. ज्यांचे तंत्रज्ञान नागरी बाजारातही खपणारे आहे, उदाहरणार्थ बॅटरी व्यवस्थापन किंवा कॅमेऱ्यातील प्रतिमा-प्रक्रिया, त्यांनी संयुक्त मालकीचे कलम वकिलाकडून वाचून घेतल्याशिवाय सही करू नये. उलट ज्याचा भाग एकाच क्षेपणास्त्रात बसणार आहे आणि दुसरीकडे कोठेही विकला जाणार नाही, त्याने या कलमावर डोकेफोड करण्याचे कारण नाही.

मेक-२ बद्दल उद्योगजगतात दोन टोकाची मते ऐकू येतात. यशस्वी नमुन्यानंतर खरेदी होणार, हे आश्वासन तिन्हींत येथे सर्वांत ठोस आहे. उद्योगाला स्वतःहून प्रस्तावही देता येतो. पण किती उद्योगांनी नमुना करावा यावर मर्यादा नाही. चाचणीत तिघे उत्तीर्ण झाले की व्यावसायिक निविदा उघडतात आणि सर्वांत कमी दर, म्हणजे एल-वन, कोणाचा हे पाहिले जाते. खरेदीची हमी वस्तूला आहे, तुम्हाला नाही. स्वतःचे ३ कोटी घालून, चाचणी उत्तीर्ण होऊन, थोड्याशा रकमेने एल-टू ठरलेल्या उद्योजकाला हा फरक कोणी समजावून सांगावा लागत नाही. ज्यांचा दुसरा धंदा भक्कम आहे, जे सुटे भाग स्वतः बनवत असल्यामुळे दर खाली आणू शकतात, आणि ज्यांची वस्तू निम्म्याहून अधिक तयार आहे, त्यांनीच या मार्गाला जावे.

चौथी वाट जाहिरातीत फारशी दिसत नाही, पण पुणे-मुंबई परिसरातील उद्योगांना ती हाकेच्या अंतरावर आहे. पाषाणची एआरडीई (शस्त्रास्त्रे), सुतारवाडीची एचईएमआरएल (स्फोटके), दिघीची आर अँड डीई (लष्करी अभियांत्रिकी) आणि अंबरनाथची एनएमआरएल (नौदलासाठीचे पदार्थ) या डीआरडीओच्या प्रयोगशाळा भागीदार उद्योग घेतात. विकास-सह-उत्पादन भागीदार म्हणून निवड झालेल्या उद्योगाकडून डीआरडीओ तंत्रज्ञान हस्तांतरणाचे शुल्क घेत नाही. आयडियाफोर्ज या आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांच्या कंपनीने दिघीच्या प्रयोगशाळेबरोबर ‘नेत्र’ हे छोटे मानवरहित विमान विकसित केले आणि पुढे जानेवारी २०२१ मध्ये लष्कराकडून सुमारे २ कोटी डॉलरचे कंत्राट मिळवले. कालावधीचा अंदाज मात्र दुसऱ्या उदाहरणावरून घ्यावा. एआरडीईच्या नेतृत्वाखाली ‘अटॅग्ज’ या १५५ मिलिमीटर तोफेचे काम २०१२ च्या सुमारास सुरू झाले, भारत फोर्ज आणि टाटा हे उद्योग त्यात भागीदार होते, आणि ३०७ तोफांच्या खरेदीचा करार मार्च २०२५ मध्ये झाला. भारत फोर्जला तेवढी वर्षे थांबणे परवडते. चाळीस कामगारांच्या कारखान्याने अशा प्रकल्पात मुख्य भागीदाराचा पुरवठादार म्हणून शिरणे अधिक शहाणपणाचे आहे, मग त्यात नाव कमी मिळाले तरी चालेल.

चारही वाटा अखेरीस एका ठिकाणी येतात, ते म्हणजे चाचणी. अंदाजपत्रकात सर्वांत कमी धरला जाणारा खर्च हाच असतो. इलेक्ट्रॉनिक उपकरण असेल तर जेएसएस ५५५५५ या सेनादलांच्या मानकानुसार उष्णता, थंडी, दमटपणा, धूळ, धक्का आणि कंपन यांतून ते जावे लागते. विद्युतचुंबकीय हस्तक्षेपाची तपासणी वेगळी. मी जवळून पाहिलेल्या एका प्रकल्पात यंत्रपेटी भट्टीतून आणि शीतकपाटातून व्यवस्थित बाहेर आली होती. कंपनाच्या टेबलावर मात्र चाळीस मिनिटांनी पडद्यावरचे आकडे लुकलुकू लागले. कनेक्टरची चकती एक आटा सैल झाली होती, बाकी सर्व शाबूत होते. साधा औद्योगिक कनेक्टर वापरून वाचवलेले काही हजार रुपये तेथे महागात पडले: लष्करी दर्जाचा कनेक्टर आयात होऊन यायला चौदा आठवडे लागले, चाचणीच्या रांगेत पुन्हा नंबर लावावा लागला आणि त्या टप्प्याचा हप्ता पुढच्या आर्थिक वर्षात गेला. एकूण खर्चातील किमान पाचवा हिस्सा चाचण्या आणि फेरचाचण्यांसाठी बाजूला ठेवावा, ही माझी स्वतःची ढोबळ मोजपट्टी आहे. कोणत्याही नियमपुस्तकात ती सापडणार नाही.

आता निवडीकडे. संरक्षण क्षेत्रात प्रथमच पाऊल टाकणाऱ्या, चांगली कल्पना आणि दीड-दोन वर्षांचा दम असलेल्या उद्योगाला मी आयडेक्सच सुचवीन, आणि तेही सर्वसाधारण आव्हानाकडे न जाता ज्या दलाच्या वापरकर्त्याशी आधी एकदा तरी बोलणे झाले आहे, त्याच्याच आव्हानाकडे जावे. ज्यांच्याकडे अभियंते चांगले पण पैसा बेताचा आहे आणि वस्तूला दुसरा बाजार नाही, त्यांना टीडीएफ मानवेल. मेक-२ हा जुन्या, मुरलेल्या कारखान्यांचा मार्ग आहे. दोन मार्गांवर एकाच वेळी अर्ज करण्याचा मोह होतो, परंतु एकाच कामासाठी दोन सरकारी निधी घेणे अंगाशी येते. वस्तूचे वेगळे भाग वेगळ्या मार्गाने नेत असाल, तर ते प्रस्तावात आधीच लिहून द्यावे.

एक व्यावहारिक गोष्ट राहिली. या योजनांच्या मर्यादा आणि मुदती बदलत असतात, आयडेक्सच्या ४९८.७८ कोटींच्या योजनेचा मंजूर काळच २०२१-२२ ते २०२५-२६ असा होता. त्यामुळे अर्ज भरण्याच्या आठवड्यात त्या त्या संकेतस्थळावरील चालू कागद डाउनलोड करावा, सल्लागाराने दिलेल्या जुन्या प्रतीवर विसंबू नये, आणि त्यातील हप्त्यांचा तक्ता आपल्या पगारपत्रकाशेजारी ठेवून महिनावार जुळवून पाहावा. ज्या महिन्यात दोन्ही जुळत नाहीत, त्या महिन्याचे पैसे कोठून येणार हे बँकेच्या व्यवस्थापकाशी आधी बोलून घ्यावे आणि अर्जावर सही त्यानंतर करावी.