बिडाचा तवा, पड्डूचं पात्र आणि कढई : दहा महिने वापरल्यानंतर

निकाल आधी सांगतो. तवा पैकीच्या पैकी. पड्डूचं (अप्प्यांचं) पात्र चांगलं, पण मधल्या वाटीची खोड गेली नाही. कढईनं मात्र निम्मंच काम केलं, आणि त्यात दोष कढईचा नाही, तिला लावलेल्या तेलाचा आहे.

तिन्ही भांडी जुनी, बिडाची (म्हणजे ओतीव लोखंडाची), मोडीच्या भावानं आलेली. तवा १० इंची, सव्वादोन किलोच्या आसपास. पात्र ७ वाट्यांचं. कढई दोन कानांची. डिसेंबरात साफ करून नव्यानं सीझनिंग केलं, म्हणजे तेलाचे पातळ थर तापवून बसवले, आणि तेव्हापासून गॅसवर वापर चालू आहे. मधे एक उन्हाळा गेला आणि बेळगावचा एक पावसाळा. बिडाची खरी परीक्षा पावसाळ्यातच होते.

बेळगावजवळच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या फौंड्र्यांमुळे (ओतकामाच्या कारखान्यांमुळे) बीड हा शब्द आपल्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. तरी भांड्यांच्या दुकानात लोखंडी तवा आणि बिडाचा तवा सर्रास एकच म्हणून विकतात. लोहचुंबक लावून काही कळत नाही, तो दोन्हींना चिकटतो. लोखंडी तवा पत्र्याचा असतो. पडला तर पोचा येतो, फुटत नाही. बीड साच्यात ओतलेलं असतं, त्यात २ ते ४ टक्के कार्बन असतो, म्हणून ते कडक आणि ठिसूळ. जाडी ४-५ मिलिमीटर, पाठीला वाळूच्या साच्याची खरखर आणि मूठ बहुधा त्याच ओतकामातली, रिव्हेट मारलेली नाही.

जुनं भांडं घेताना एका हातानं मुठीला टांगून धरा आणि लाकडी पळीनं टोला द्या. अखंड असेल तर घंटेसारखा आवाज घुमतो, चीर असेल तर बद्द वाजतं. बद्द वाजलेलं घेऊ नका. निकेलच्या रॉडनं बिडाला वेल्डिंग होतं, पण रोजच्या तापण्या-निवण्यानं शिवणीच्या शेजारून चीर पुन्हा पुढे सरकते. दुसरी तपासणी शिशाची. जुन्या कढईत कधीकाळी शिसं वितळवलेलं असू शकतं. तळाला नखानं ओरखडा उठेल असे मऊ, करड्या चकाकीचे डाग दिसले तर ती कढई स्वयंपाकघरात आणूच नका. शिसं घासून जात नाही आणि जाळून तर नाहीच.

आता सफाई. तव्याच्या पाठीवर वर्षानुवर्षांच्या जळक्या तेलाचे पापुद्रे होते. असे थर तारेच्या घासणीनं काढत बसू नका, कॉस्टिक सोड्याला काम करू द्या. १० लिटर पाण्याला २५० ग्रॅम सोडा, झाकणाच्या प्लास्टिकच्या पिंपात. पाण्यात सोडा टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही. उलटं केलं तर तो एकदम तापून अंगावर उडतो. कोपरापर्यंत रबरी हातमोजे, डोळ्यांना बंद चष्मा, जागा मोकळ्या हवेतली, मुलं आणि जनावरं लांब. जवळ ॲल्युमिनियमचं काहीही नको, कारण सोडा ते खातो आणि हायड्रोजन वायू सुटतो. बिडाला मात्र सोड्याचा त्रास नाही, दोन दिवस ठेवा की आठ. तव्याला ३ दिवस लागले, पात्राला ५, कारण दोन वाट्यांच्या मधल्या खाचेत जळकं घट्ट बसलं होतं. रोज एकदा बाहेर काढून लाकडी पट्टीनं सुटलेलं खरवडलं की पुढचं काम लवकर होतं. उरलेलं पाणी झाडांना घालू नका, भरपूर पाण्याबरोबर मोरीत सोडा.

काळं निघालं की खालचा गंज उघडा पडतो. सोडा गंजाला हात लावत नाही, त्याला आम्ल लागतं. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करा आणि घड्याळ लावून ३० मिनिटं ठेवा. बाहेर काढून घासा, उरला असेल तर आणखी ३० मिनिटं. सगळ्यात मोठी चूक इथे होते, ती म्हणजे रात्रभर भिजत ठेवणं. गंज संपला की आम्ल बिडालाच लागतं आणि सकाळी भांडं करडं, खडबडीत, हात लावला की बोटं काळी करणारं होतं. हलक्या गंजाला चिंचेचा कोळ चालतो. आमसुलाचं आगळ वापरू नका, त्यात मीठ असतं आणि मिठानं गंज उलट वाढतो.

कढईच्या आत गंजानं खड्डे पाडले होते, म्हणून तिच्यासाठी विजेची पद्धत वापरली. प्लास्टिकच्या पिंपात दर ४ लिटर पाण्याला १ मोठा चमचा धुण्याचा सोडा (वॉशिंग सोडा, कॉस्टिक नव्हे) आणि १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर. काळा, म्हणजे ऋण चिमटा कढईला. लाल, म्हणजे धन चिमटा साध्या लोखंडाच्या पट्टीला. चिमटे उलटे लागले तर कढईच झिजते. पट्टी आणि कढई एकमेकांना टेकता कामा नये. पट्टी स्टेनलेस स्टीलची नकोच, तिच्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हल्लीचे ऑटोमॅटिक चार्जर समोर बॅटरी दिसल्याशिवाय सुरूच होत नाहीत, त्यामुळे जुना साधा चार्जर शोधावा. बुडबुडे हायड्रोजनचे असतात, हे काम घरात करू नका. पट्टीसमोरची बाजूच नीट साफ होते, म्हणून चार्जर बंद करून कढई मधेमधे फिरवायची. ८ तासांत गंजाचा काळा चिखल होऊन ब्रशनं निघाला. खड्डे राहिले, ते राहणारच.

खेड्यात अजूनही तवा निखाऱ्यात टाकून जाळतात. तसं करू नका. तवा एका बाजूनं लाल झाला की वाकतो किंवा तडकतो, आणि वाचला तरी पृष्ठभागावर जो लालसर थर येतो त्याच्यावर सीझनिंग धरत नाही. ग्राइंडरही नको. आरशासारखा गुळगुळीत केला की तेलाच्या थराला पकड राहत नाही.

धुतलेलं बीड हवेवर ठेवलं की काही मिनिटांत नारिंगी झाक येते. म्हणून पुसून लगेच गॅसवर, ५ मिनिटं, पूर्ण कोरडं होईपर्यंत. हाताला सोसेल इतपत निवलं की तेल.

तेल करडईचं घ्या. उत्तर कर्नाटकात ते सहज मिळतं आणि या कामाला त्याच्याइतकं सोयीचं दुसरं नाही. करडईत लिनोलिक आम्ल भरपूर. ते तापलं की हवेतल्या ऑक्सिजनबरोबर एकमेकांत गुंफून कडक थर होतं. पाकिटावर ‘हाय ओलिक’ लिहिलं असेल तर मात्र ते या कामाला नको. शेंगदाण्याच्या तेलात ओलिक जास्त, थर बसतो पण सावकाश. खोबरेल तर बसतच नाही, मेणचट राहतं. जवसाचं तेल सगळ्यात कडक आणि चकचकीत थर देतं, म्हणून कढईला तेच लावलं होतं. तिसऱ्या महिन्यात त्याचे खवले सुटून भाजीत काळे कण दिसायला लागले. तव्याला आणि पात्राला करडई होती, ती आजही धरून आहे.

पाव चमचा तेल तव्याला पुरतं: आत, पाठीवर, कडेला, मुठीला. त्यानंतर जुन्या धोतराच्या, तंतू न सुटणाऱ्या फडक्यानं ते असं पुसा की जणू तेल चुकून लागलं होतं. मंद आचेवर २ मिनिटं ठेवून बघा. कोरड्या दिसणाऱ्या पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे थेंब उमटलेले दिसतील. खरखरीत दडलेलं तेल पातळ होऊन वर आलेलं असतं. आता दुसऱ्या कोरड्या फडक्यानं पुन्हा पुसा. हे दुसरं पुसणं ज्यांनी टाळलं त्यांचा तवा चिकट झाला, असंच समजा. चिकटपणा तेल कमी पडल्यानं येत नाही, जास्त राहिल्यानं येतो. जाड थर वरून सुकतो आणि आत मधासारखा राहतो.

ओटीजी (विजेची छोटी भट्टी) असेल तर भांडं पालथं घालून २३० अंशांवर १ तास आणि आतच निवू द्या. लहान ओटीजीत १० इंची तवा मुठीसकट मावत नाही. तो गॅसवर केला: मध्यम आच, खिडकी उघडी, धूर येऊन थांबेपर्यंत साधारण १२ मिनिटं, दर ३ मिनिटांनी तवा सरकवत. असे ५ थर. पहिल्यानं तांबूस होतो, तिसऱ्यापर्यंत चॉकलेटी, पाचव्याला काळा. कडा जरा तपकिरी राहिल्या, त्या वापरात काळ्या झाल्या. पात्र पालथं घालणं तर सक्तीचंच, नाहीतर प्रत्येक वाटीच्या बुडाला तेलाचं तळं साचतं.

वापरात काय दिसलं? आंबोळी, डोसा, थालीपीठ यांना तवा उत्तम. बिडात उष्णता सावकाश पसरते, म्हणून मंद आचेवर ५ ते ७ मिनिटं आधी तापवणं भाग आहे. घाईनं मोठी आच दिली तर बर्नरवरचा भाग करपतो आणि कडेला पीठ कच्चं राहतं. पहिले पंधरा दिवस अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवून फिरवावा लागला, नंतर त्याचीही गरज कमी झाली.

ज्वारीच्या भाकरीसाठी मात्र हा तवा वापरू नका. १५-२० भाकऱ्या म्हणजे अर्धा-पाऊण तास मोठ्या आचेवर कोरडा तापलेला तवा. त्या तापमानाला सीझनिंग जळून जातं. एका रविवारच्या भाकऱ्यांनंतर मधोमध बशीएवढा करडा गोल उघडा पडला होता, तो दोन थर देऊन भरावा लागला. भाकरीला पत्र्याचा तवा वेगळा ठेवा.

पड्डूच्या पात्रात पिठाचा आंबटपणा ५ मिनिटांच्या भाजण्यात काही बिघडवत नाही. बिघडतं ते पीठ लागलेलं पात्र रात्रभर तसंच ठेवल्यानं. मधली वाटी ऐन बर्नरवर येते आणि बाहेरच्या सहांच्या आधी करपते. त्यावर उपाय एवढाच की ८ मिनिटं मंद तापवायचं आणि मधली वाटी शेवटी भरून आधी काढायची.

कढईत सुकी भाजी, फोडणी, तळण ठीक. चिंच-टोमॅटोची आमटी किंवा ताकातलं पिठलं नको. आंबट पदार्थ रटरटला की थर उतरतो आणि तोंडात लोखंडाची चव येते. वांगी काळपट होतात, तो त्यांच्यातल्या टॅनिनचा आणि लोखंडाचा परिणाम, अपायकारक नाही. खवले सुटलेली कढई आता पुन्हा कॉस्टिक सोड्यात घातली आहे, या वेळी करडई.

धुताना भांड्यांचा साबण चालतो, हे ठामपणे सांगतो. पक्का झालेला थर त्यानं निघत नाही. राख चालत नाही. राखेचं पाणी क्षारयुक्त असतं आणि कण खरखरीत, दोन्ही मिळून थर खातात. नारळाची कोरडी शेंडी सगळ्यात चांगली. चिकटलेलं असेल तर खडे मीठ आणि थेंबभर तेल, पण नंतर मीठ पूर्ण धुऊन टाका.

खानापूर, कणकुंबीकडच्या मुसळधार पावसात एखादा दिवस न वापरलेलं भांडंही गंजतं. धुतल्यावर ३ मिनिटं गॅसवर, मग तेलाचा हात फिरवून पुसायचं आणि झाकण न घालता खिळ्याला टांगायचं. एकात एक रचून ठेवू नका. तेल लावून महिनाभर ठेवलं तर ते खवट आणि चिकट होतं, म्हणून कमी वापराचं भांडंही आठवड्यातून एकदा तापवा. एवढं करूनही ऑगस्टमध्ये तव्याच्या मुठीच्या भोकात, जिथे खिळा टेकतो तिथे, नारिंगी कडं धरलं. फडकं तिथे पोचत नव्हतं. आता धुतल्यावर त्या भोकातून कापसाची वात तेलात बुडवून ओढतो, आणि खिळ्याऐवजी सुतळीच्या फासावर टांगतो.