गिटी, दोन सेमिस्टर: सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या लॅबमधला अनुभव

तृतीय वर्ष कॉम्प्युटरच्या प्रोजेक्टचं वर्षानुवर्षं एकच चालत आलंय. जुलैत चौघांचा ग्रुप ठरतो आणि ऑक्टोबरअखेर एसआरएस (सॉफ्टवेअरने काय करायचं ते मांडणारा दस्तऐवज), यूएमएलच्या (सॉफ्टवेअरची रचना दाखवणाऱ्या) आकृत्या आणि पेन ड्राइव्हवरचा कोड एकदमच टेबलावर येतो. मधल्या तीन महिन्यांत कोणी काय केलं, हे ओरलला चेहऱ्यांवरून ताडायचं. बहुतेक वेळा एक राबलेला असतो आणि तिघांनी स्पायरल बायंडिंगचे पैसे दिलेले असतात.

म्हणून लॅबच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या ४ जीबी रॅमच्या मशीनवर लिनक्स टाकून गिटी बसवलं. गिट हे कोडचा इतिहास जपणारं मूळ साधन, गिटी हा त्यावरचा वेब सर्व्हर. २०१६ मध्ये गॉग्स नावाच्या प्रकल्पातून तो वेगळा झाला. गो भाषेत लिहिलेला आहे, फुकट आहे, एकच फाइल उतरवून चालू करता येतो आणि डेटाबेस म्हणून एसक्यूलाइट पुरतं. बसवायला एक दुपार लागली. साठ मुलं, पंधरा रेपो (एकेका ग्रुपच्या कोडचं इतिहासासकट भांडार), तरी मशीन कधी कुरकुरलं नाही. सगळं कॉलेजच्या लॅनवर असल्यामुळे इंटरनेट गेलं तरी प्रॅक्टिकल थांबत नाही, आणि आमच्याकडे इंटरनेट जातंच.

पहिला आठवडा मात्र गिटीपेक्षा गिटनेच खाल्ला. कमिट करताना, म्हणजे केलेल्या बदलाची गिटमध्ये नोंद करताना, संदेश द्यायला विसरलं की विम नावाचा एडिटर उघडतो, आणि त्यातून बाहेर कसं पडायचं हे साठांपैकी दोघांना ठाऊक होतं. बाकीचे सरळ खिडकी बंद करायचे आणि ‘मॅडम, कमिट होत नाहीये’ म्हणत यायचे. एका मुलीने फाइलला देवनागरीत नाव दिलं, तर गिटने ते ३४०, २४४ अशा आकड्यांच्या माळेत दाखवलं. त्यासाठी एक सेटिंग बदलावं लागतं, तेही मला तेव्हाच कळलं.

खरी फजिती तिसऱ्या आठवड्यात झाली. लॉग (कमिटांची यादी) बघते तर सोमवारच्या, मंगळवारच्या आणि गुरुवारच्या बॅचची निम्मी कामं एकाच मुलाच्या नावावर! लॅबच्या मशीनवर सगळ्यांचं विंडोजचं लॉगिन एकच. पहिल्या मुलाने आपलं नाव ग्लोबल म्हणून, म्हणजे त्या लॉगिनवरच्या सगळ्या रेपोंसाठी, टाकलं आणि त्यानंतर तिथे बसलेला प्रत्येक जण गिटच्या लेखी तोच झाला. विंडोजने त्याचा पासवर्डही जपून ठेवला होता, त्यामुळे पुश (कमिट सर्व्हरवर पाठवणं) झाले तेसुद्धा त्याच्याच खात्यातून गेले. आता पहिल्याच तासाला नाव फक्त त्या रेपोपुरतं नोंदवायला लावते आणि उठताना साठवलेला पासवर्ड पुसायला लावते. शेअर्ड मशीनवर गिट शिकवणार असाल तर एवढं आधीच करा, नाहीतर सगळा हिशेब पाण्यात.

त्यावरची माझी घोडचूक म्हणजे ‘प्रत्येकाचे किमान वीस कमिट’ हा नियम. टर्मवर्कचे गुण त्याला जोडले आणि मुलांनी लगेच वाट काढली. एकाने रीडमीमध्ये (प्रोजेक्टची ओळख लिहायची फाइल) पूर्णविराम दिला, कमिट. काढला, कमिट. पुन्हा दिला. दुसऱ्याने तारखाच मागच्या टाकल्या. कमिटवरची तारीख लिहिणाऱ्याच्या हातात असते. गिटीच्या ॲक्टिव्हिटीत पुश कधी आला हे दिसतं, तिथे एका रात्रीत ऑगस्ट आणि सप्टेंबर उरकलेले सापडले. मला राग यायच्या आधी हसूच आलं. नियम मी लगेच मागे घेतला.

आता ओरलला मी आकडे मोजत नाही. त्या ग्रुपचा लॉग प्रोजेक्टरवर लावते, एखादा कमिट उघडते आणि विचारते, ‘हे फंक्शन त्या दिवशी का काढलंस?’ ज्याने काढलं असतं तो भडाभडा बोलतो. दुसऱ्या सेमिस्टरला वर्गात कधी तोंड न उघडणारी एक मुलगी होती, अवघे सात कमिट. त्यातल्या एकात तिने तीनशेच्या वर ओळी उडवल्या होत्या. तिघांनी आपापल्या परीने लिहिलेलं लॉगिन तिने एक केलं होतं. पेन ड्राइव्हच्या जमान्यात हे मला कधी दिसलं नसतं, आणि गुण बोलक्या मुलाला गेले असते.

पुल रिक्वेस्ट (माझा बदल मुख्य कोडमध्ये घ्या ही विनंती) आणि रिव्ह्यू (तो बदल दुसऱ्याने तपासणं) यांवर माझा भरवसा होता, तो अर्धाच फळला. मुख्य ब्रँचला, म्हणजे कोडच्या मुख्य शाखेला, कुलूप लावून दुसऱ्याच्या मान्यतेशिवाय मर्ज (बदल त्यात मिसळणं) बंद केलं, तर मान्यता मिनिटभरात यायची आणि खाली फक्त ‘छान’. मित्राच्या कोडमध्ये खोट काढणं आपल्या मुलांना जड जातं. ग्रुप अ ने ग्रुप ब चा कोड तपासायचा असं केल्यावर मात्र सगळ्यांना वाचा फुटली, थोडी जास्तच. टेस्ट आपोआप चालवायची सोय गिटीत आहे, पण तिचा रनर (टेस्ट प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्रॅम) वेगळा चालवावा लागतो. या मशीनवर मी त्या फंदात पडले नाही.

फेब्रुवारीत हार्ड डिस्क गेली. बॅकअप नव्हता, गिटीची डंपची (सगळा डेटा एका फाइलीत काढायची) आज्ञा माहीत असून मी टाळलं होतं. मग वर्गात नेहमी सांगते ते अनुभवायला मिळालं: प्रत्येक मुलाच्या लॅपटॉपवरच्या क्लोनमध्ये, म्हणजे रेपोच्या प्रतीत, सगळा इतिहास असतो. दोन दिवसांत पंधराही रेपो परत उभे राहिले. पण इश्यू (चुका आणि कामांच्या नोंदी) आणि रिव्ह्यूवरच्या चर्चा गिटमध्ये नसतात, गिटीच्या डेटाबेसमध्ये असतात. त्या गेल्या. ग्रुप ब ची सगळी उणीदुणी त्यांच्यासोबत गेली, याचा आनंद फक्त ग्रुप ब ला झाला.

एका-दोघांना शिकवायचं असेल तर एवढा खटाटोप नको, नुसतं गिट पुरे. पूर्ण वर्ग असेल आणि लॅब असिस्टंट आपल्या बाजूचा असेल तर जरूर बसवा. आमच्याकडे आता दर शनिवारी डंप निघतो आणि तो ज्या डिस्कवर जातो ती जर्नलच्या कपाटात असते. किल्ली लॅब असिस्टंटकडे. माझ्यावर त्याचा आता विश्वास नाही.